जपानच्या गोसे गावी एक दिवस

जपानला गेलेला माणूस परत आला की लोक त्याला ठरलेले प्रश्न विचारतात. बुलेट ट्रेनमध्ये बसलात का? हिरोशिमा पाहिले का? आपल्या समाजातली मंडळी आणखी एक प्रश्न विचारतात, "नाराची मोठी बुद्धमूर्ती पाहिली का?" होय, पाहिली. इ.स. ७५२ मध्ये जिचा नेत्रोन्मीलन सोहळा झाला त्या पंधरा मीटर उंचीच्या मूर्तीपुढे आम्ही हात जोडून उभे राहिलो. परंतु त्या मूर्तीविषयी पुष्कळांनी लिहिले आहे, पुढेही लिहितील. आम्हाला सांगायचे आहे ते त्याच नारा प्रांतातल्या एका लहानशा गावाविषयी. त्या गावाचे नाव गोसे.

आमचा पुतण्या चार वर्षांपासून ओसाका शहरात एका कंपनीत इंजिनीअर आहे. २०२४ च्या जून महिन्यात त्याने आम्हा उभयतांना आणि त्याच्या आईला, म्हणजे आमच्या वहिनींना, पंधरा दिवसांसाठी बोलावून घेतले. वहिनी अंगणवाडी सेविका म्हणून सत्तावीस वर्षे काम करून निवृत्त झालेल्या. आम्ही कारकून, त्यामुळे रजा, पासपोर्ट, व्हिसा यांचे कागद जमवण्यात आमचे निम्मे वर्ष गेले. निघण्यापूर्वीच आम्ही पुतण्याला कळवले होते, "बाकी काहीही दाखव, पण एक दिवस गोसेसाठी राखून ठेव." त्याने ते नाव कधी ऐकले नव्हते. तो म्हणाला, "काका, तिथे पर्यटक जात नाहीत." आम्ही म्हटले, "म्हणूनच जायचे."

प्रवास

ओसाकाच्या दक्षिण भागात आबेनोबाशी नावाचे मोठे स्टेशन आहे. तिथून किन्तेत्सु या खाजगी रेल्वेची जलद गाडी पूर्वेकडे निघते. शहराची इमारतींची गर्दी संपते, डोंगरांची रांग जवळ येते आणि ती ओलांडून गाडी नाराच्या खोऱ्यात उतरते. शाकुदो या स्टेशनवर उतरून गोसेची छोटी गाडी धरायची. हा फाटा अवघा ५.२ किलोमीटरचा, चार स्टेशनांचा आणि एकेरी रुळाचा आहे. १९३० साली तो सुरू झाला. आमच्या गाडीला दोनच डबे होते. शाळेची मुले, बाजाराच्या पिशव्या घेतलेल्या म्हाताऱ्या बाया आणि आम्ही चौघे, एवढेच प्रवासी. आपल्याकडच्या जुन्या नॅरोगेज गाड्यांची आठवण झाली. फरक एवढाच की गाडी घड्याळाच्या काट्याला काटा लावून सुटली. ओसाकाहून निघाल्यापासून गाडी बदलण्याचा वेळ धरूनही साधारण तासाभराचा हा प्रवास आहे.

किन्तेत्सुचे गोसे स्टेशन हे या फाट्याचे शेवटचे टोक. तिथून दोन-तीन मिनिटे चालले की जेआर रेल्वेचे गोसे स्टेशन लागते. ही दुसरी लाईन म्हणजे वाकायामा लाईन. ती या फाट्याहून जुनी आहे. १८९६ च्या मे महिन्यात नान्वा रेल्वे नावाच्या एका लहान कंपनीने ताकादा ते कुझू असा लोहमार्ग टाकला आणि गोसेला रेल्वे आली. पुढे १९०७ मध्ये सरकारने ती आपल्या ताब्यात घेतली. एवढ्याशा गावाला दोन वेगवेगळ्या रेल्वे आणि दोन वेगवेगळी स्टेशने, याचे आम्हाला नवल वाटले. रस्त्यांचेही जाळे चांगले आहे. क्योतोहून नारामार्गे वाकायामाला जाणारा २४ क्रमांकाचा राष्ट्रीय मार्ग गावातून जातो. केइनावा द्रुतगती मार्गाचा गोसेच्या दक्षिणेकडून गोजोकडे जाणारा टप्पा २०१७ साली खुला झाला. ३०९ क्रमांकाचा रस्ता डोंगराच्या पोटातल्या बोगद्यातून थेट ओसाकाच्या बाजूला उतरतो.

गाव आणि त्याचा परिसर

जपानी कायद्याने गोसे हे १९५८ पासून 'शहर' आहे, पण आपण त्याला तालुक्याचे गावच म्हणू. क्षेत्रफळ साधारण साठ चौरस किलोमीटर, आणि २०२० च्या जनगणनेत लोकवस्ती २४ हजारांच्या आसपास. तरुण मुले ओसाकाला नोकरीला जातात आणि तिकडेच राहतात, त्यामुळे वस्ती घटते आहे. बंद दुकाने आणि कुलूपबंद घरे जागोजागी दिसली. वहिनी म्हणाल्या, "आपल्या गावासारखंच झालंय की हे. म्हातारी माणसं तेवढी मागं राहिलीत."

गाव नाराच्या खोऱ्याच्या नैर्ऋत्य कोपऱ्यात आहे. पश्चिमेला दोन डोंगर भिंतीसारखे उभे आहेत. कोंगो ११२५ मीटर आणि कात्सुरागी ९५९ मीटर. कात्सुरागीवर जाण्यासाठी १९६७ साली रोपवे बांधण्यात आला. मे महिन्यात त्या डोंगराचा माथा रानफुलांनी लाल होतो आणि शरद ऋतूत गवताच्या तुऱ्यांनी पांढरा. डोंगरातून आलेली कात्सुरागी नदी गावाच्या मधून उत्तरेकडे वाहते. १७४० साली तिला आलेल्या महापुराने गाव वाहून नेले होते. लोकांनी ते पुन्हा उभे केले, आणि १७४२ सालच्या मोजणीचा नकाशा हातात घेऊन आजही जुन्या गल्ल्यांतून फिरता येते.

नदीच्या पश्चिमेला व्यापाऱ्यांची पेठ आणि पूर्वेला मंदिराभोवती वसलेली वस्ती, अशी जुन्या गोसेची रचना आहे. काळपट लाकडी घरे, मातीच्या भिंती, कौलारू छपरे आणि दारासमोरून वाहणारे पाण्याचे पाट. अठराव्या शतकापासून इथले सुती कापड प्रसिद्ध झाले. सूत आधी बांधून रंगवायचे आणि मग विणायचे, अशी ती पद्धत. औषधांच्या गोळ्यांचाही इथे जुना धंदा आहे. विक्रेता घरोघर औषधाची पेटी ठेवून जायचा, वर्षाने परत यायचा आणि जेवढे वापरले तेवढ्याचेच पैसे घ्यायचा. आम्ही वाणिज्य शाखेचे पदवीधर. हा उधारीचा विश्वास वाचून मनात हिशेब करू लागलो की आपल्याकडे असे चालले असते का! इथल्या 'गोशोगाकी' नावाच्या गोड फळालाही मोठा मान आहे, पण ते शरदात येते. आमच्या नशिबी त्याची नुसती झाडेच होती.

इतिहास याहूनही जुना आहे. इसवी सनाच्या पाचव्या शतकात इथे कात्सुरागी घराण्याची सत्ता होती. तेव्हाची २३८ मीटर लांबीची एक समाधी-टेकडी गावात आजही आहे. जपानचा पहिला सम्राट जिम्मू याने इथल्याच वाकिगामी भागातल्या एका टेकडीवर उभे राहून देश न्याहाळला, अशी कथा इ.स. ७२० च्या राजग्रंथात आहे. गोसे हे नाव ज्या अक्षरांनी लिहितात, त्यांचा दुसरा उच्चार 'गोशो' असा होतो आणि त्याचा अर्थ राजवाडा. असे हे राजाच्या नावाचे गाव.

आम्ही मात्र राजासाठी आलो नव्हतो.

वाकिगामी स्टेशनवर

जेआर गोसेहून पुन्हा दोन डब्यांच्या गाडीत बसलो. दुसरे स्टेशन वाकिगामी. तिथे रेल्वेचा कर्मचारी नव्हता. आमच्याशिवाय कोणी उतरले नाही. गाडी गेली आणि बेडकांचा आवाज तेवढा राहिला. दोन्ही बाजूंनी भाताची खाचरे पाण्याने भरलेली. एक म्हातारा शेतकरी छोट्या यंत्राने लावणी करत होता, आणि यंत्राने सुटलेल्या कोपऱ्यांत त्याची बायको वाकून हाताने रोपे लावत होती. वहिनी बांधावर थांबल्या. त्यांचे बालपण लोकांच्या शेतात लावणी करण्यात गेलेले. त्या म्हणाल्या, "यंत्र आलं तरी कोपरा बाईच्याच वाट्याला."

तिथून पंधरा-वीस मिनिटे चालल्यावर काशिहारा नावाची वस्ती लागते. शेजारी याच उच्चाराचे मोठे शहर आहे, त्याच्याशी गल्लत करू नये. वस्ती साधी आहे. अरुंद गल्ल्या, नीटनेटकी घरे, कुंड्यांतली फुले. सांगितल्याशिवाय कोणाला कळणार नाही की १९२२ साली जपानच्या इतिहासाला वळण देणारी चळवळ याच वस्तीतल्या तरुणांनी उभी केली.

जपानातही जात होती

आपल्यापैकी पुष्कळांची समजूत असते की बौद्ध देशात जातिभेद नसणार. आमचीही तशीच होती. परंतु ती खरी नाही. जपानमध्ये शेकडो वर्षे एका वर्गाला 'एता' म्हणत. त्याचा अक्षरार्थ अतिमलिन. दुसऱ्या एका वर्गाला 'हिनिन' म्हणत, म्हणजे माणूस नसलेला. मेलेली जनावरे ओढणे, कातडी कमावणे, पादत्राणे करणे ही कामे त्यांच्याकडे. वस्ती वेगळी, लग्ने वेगळी. वंश तोच, भाषा तीच, धर्म तोच, तरी शिवाशिव. त्यांची विहारे वेगळी मानली जात, आणि मेल्यानंतर भिक्षू जे धम्मनाव देतात त्यातही कित्येक ठिकाणी हीनतादर्शक अक्षरे घातली जात. थडग्यावरही जात कोरलेली! नाराची शाई जगप्रसिद्ध आहे. ती काजळी आणि जनावरांच्या कातड्यापासून काढलेला सरस मिसळून करतात. ज्या शाईने पवित्र सूत्रे लिहायची तिच्यात सरस चालतो, पण सरस करणाऱ्याचा स्पर्श चालत नाही. हे तर्कशास्त्र आपल्याला नवीन नाही.

१८७१ साली सरकारने हुकूम काढून हे भेद रद्द केले. कागदावर सर्व समान झाले. पण दुसऱ्याच वर्षी, १८७२ मध्ये, जी कुटुंब-नोंदवही तयार झाली तीत अनेक ठिकाणी या लोकांपुढे 'नवा नागरिक' अशी खूण लिहिली गेली. आम्ही आयुष्यभर नोंदवह्या लिहिल्या आहेत. एका शेऱ्याने माणसाचे काय होते ते आम्हाला ठाऊक आहे. ती जुनी वही पाहण्यास मनाई झाली १९६८ साली, म्हणजे जवळजवळ शंभर वर्षांनी. हुकूम निघाल्यानंतरही सार्वजनिक स्नानगृहात, न्हाव्याच्या दुकानात या लोकांना मज्जाव होत असे.

गोसेच्या शेजारी उनेबी नावाची टेकडी आहे. पायथ्याशी सम्राट जिम्मूची समाधी आहे. तिची जागा निश्चित झाली ती एकोणिसाव्या शतकात. त्या टेकडीच्या उतारावर अशाच लोकांची होरा नावाची सुमारे दोनशे घरांची वस्ती होती. वस्तीतून राजाची समाधी खाली दिसते, हे बरे नव्हे, अशी ओरड झाली आणि १९१७ ते १९२० या काळात सगळी वस्ती तिथून हलवण्यात आली. मेलेल्या राजाकडे वरून पाहण्याचाही या माणसांना अधिकार नव्हता. काशिहाराच्या तरुणांनी हे आपल्या डोळ्यांदेखत घडताना पाहिले.

तीन मित्र आणि एक पतपेढी

ते तरुण तिघे. साइको मानकिची (१८९५-१९७०) हा वस्तीतल्या साइकोजी विहाराच्या भिक्षूचा मुलगा. विहाराच्या नावावरूनच त्याने हे टोपणनाव घेतले. शाळेतल्या हेटाळणीमुळे त्याचे शिक्षण सुटले. तो टोकियोला जाऊन चित्रकला शिकू लागला, पण तिथेही आपली वस्ती कोणाला कळेल की काय या भीतीने त्याची पाठ सोडली नाही. साकामोतो सेइइचिरो (१८९२-१९८७) याच्या घरी सरस तयार करण्याचा कारखाना होता. कोमाई किसाकू (१८९७-१९४५) हा तिसरा.

आधी त्यांनी देश सोडून दक्षिणेच्या सेलेबेस बेटावर जाऊन राहण्याचे ठरवले होते. तो बेत तडीस गेला नाही. मग १९२० साली त्यांनी वस्तीत एक मंडळ काढले. त्याचे नाव त्सुबामे-काई, म्हणजे पाकोळी मंडळ. या मंडळाचे काम काय? कमी व्याजाने कर्ज देणे, रोजच्या वस्तू एकत्र खरेदी करून स्वस्तात वाटणे आणि सहली काढणे! आम्ही ज्या कर्मचारी पतपेढीचे पंधरा वर्षे हिशेब लिहितो, तिचे काम याहून वेगळे नाही. क्रांती आकाशातून पडत नाही. ती अशा वह्यांतून, पावत्यांतून, दर महिन्याच्या बैठकीतून तयार होते, हे वाचकांनी लक्षात घ्यावे. त्याच वर्षी, ३१ जानेवारी १९२० रोजी, इकडे मुंबईत बाबासाहेबांनी 'मूकनायक' सुरू केले होते. दोन्हीकडच्यांना एकमेकांची खबर नव्हती.

३ मार्च १९२२ रोजी क्योतोच्या ओकाझाकी सभागृहात देशभरातून आलेल्या लोकांसमोर 'झेनकोकू सुइहेइशा', म्हणजे अखिल देशाची सुइहेइशा, या संघटनेची स्थापना झाली. 'सुइहेइ' या शब्दात दोन अक्षरे आहेत, पाणी आणि सपाट. अर्थ, पाण्याची पातळी. हे नाव साकामोतोने सुचवले. पाणी कोणापुढे उंच होत नाही, कोणापुढे खाली जात नाही. जाहीरनामा साइकोने लिहिला आणि कोमाईने वाचून दाखवला. त्याचा आशय असा की, दयेपोटी कोणी आपल्याला मुक्त करणार नाही, आपली मुक्ती आपणच मिळवायची. आणि ज्या नावाने आजवर हिणवले गेले ते नाव सांगताना खाली मान घालण्याचे दिवस संपले. यामादा कोनोजिरो या सोळा वर्षांच्या मुलाने त्या सभेत शाळेतल्या भेदभावावर भाषण केले. काळ्या कापडावर रक्तासारखा लाल काटेरी मुकुट, असा संघटनेचा झेंडा झाला. त्याचे चित्रही साइकोचेच.

संघटनेने सुरुवातीलाच एक धीट काम केले. हे लोक बहुसंख्येने होंगानजी या बौद्ध पंथाचे अनुयायी. पंथाच्या दोन्ही मुख्य विहारांना त्यांनी कळवले की वीस वर्षे आमच्याकडे वर्गणी मागायला येऊ नका. धर्म सोडला नाही, पण जाब विचारला. पाच वर्षांनी, २० मार्च १९२७ रोजी, महाडच्या चवदार तळ्यावर बाबासाहेबांनी पाण्याला हात लावला. पाण्याच्या पातळीचे नाव घेऊन तिकडे एक माणूस उभा राहिला, आणि इकडे प्रत्यक्ष पाण्यासाठी एक माणूस उभा राहिला. १९२३ च्या एप्रिलमध्ये कोरियातल्या चिंजू गावी खाटकांच्या समाजाने 'ह्योंगप्योंगसा' नावाची अशीच संघटना काढली. तिच्या नावात तराजूचा समतोल आहे. या दोन संघटनांमधल्या सहकार्याची कागदपत्रे २०१६ साली युनेस्कोच्या आशिया-प्रशांत स्मृतिसूचीत नोंदली गेली.

हे सगळे सोन्याचे अक्षर होते असेही नाही. १९२८ साली साइको तुरुंगात गेला, आणि बाहेर आल्यावर तो राष्ट्रवाद्यांच्या बाजूला झुकला. महायुद्धाच्या लाटेत १९४२ साली संघटना संपली. युद्धानंतर चळवळ नव्या नावाने पुन्हा उभी राहिली आणि साइकोने उरलेले आयुष्य शांततेच्या प्रचारात घालवले. १९६९ ते २००२ अशी तेहतीस वर्षे सरकारने खास कायद्याने या वस्त्यांत घरे, रस्ते, शाळा, शिष्यवृत्त्या दिल्या. वस्त्या सुधारल्या, मने किती सुधारली हा प्रश्न राहिला. १९७५ साली उघडकीस आले की या वस्त्यांच्या नावांच्या याद्या छापून कंपन्यांना गुपचूप विकल्या जात होत्या आणि त्या पाहून नोकरीचे अर्ज बाजूला काढले जात होते. १९७९ मध्ये एका जागतिक धर्मपरिषदेत जपानच्या एका मोठ्या बौद्ध पंथाच्या प्रतिनिधीने आमच्याकडे असा भेदभाव नाहीच असे सांगितले. पुढे १९८४ साली त्यांना त्याबद्दल जाहीर माफी मागावी लागली, आणि त्या पंथाने थडग्यांवरची हीन नावे बदलण्याचे काम हाती घेतले. भेदभाव अजून आहे हे मान्य करणारा कायदा २०१६ च्या डिसेंबरमध्ये झाला. इंटरनेटवर वस्त्यांच्या याद्या टाकण्याच्या खटल्यात २०२३ साली टोकियोच्या उच्च न्यायालयाने भेदभावाशिवाय जगणे हा माणसाचा हक्क आहे, असा निर्वाळा दिला.

म्युझियममध्ये

काशिहारात १९९८ साली सुइहेइशा म्युझियम उभे राहिले. शताब्दीच्या वर्षी, २०२२ मध्ये, ते नव्याने सजवण्यात आले. इमारत मोठी नाही. जवळच साइकोजी विहार आहे. म्युझियममध्ये जुनी पत्रके, छायाचित्रे, झेंडा आणि जाहीरनामा मांडलेला आहे. पुतण्या एकेक पाटी वाचून आम्हाला मराठीत सांगत होता. जाहीरनाम्यापाशी आल्यावर मात्र तो थांबला. वहिनींनी विचारले, "काय लिहिलंय रे? सांग की." तो म्हणाला, "आई, नाव लपवू नका असं लिहिलंय." आणि तो पुढे गेला. त्याचा आवाज बदलला होता, पण तेव्हा आम्ही काही विचारले नाही.

परतीच्या वेळी आम्ही आल्या वाटेने गेलो नाही. वाकिगामीहून पुढचे स्टेशन योशिनोगुची. हे गोसेच्याच हद्दीत आहे, आणि १८९६ साली रेल्वे जिथवर आली ते कुझू म्हणजे हेच. १९१२ साली इथून योशिनोकडे जाणारी लाईन सुरू झाली. वसंतात चेरीची फुले पाहायला जाणारी सगळी गर्दी याच मार्गाने जाते. जेआरच्या गाडीतून उतरून त्याच स्टेशनात किन्तेत्सुची गाडी मिळते, ती थेट आबेनोबाशीला. फलाटावरच्या बाकावर बसून आम्ही गोजिरवाण्या हिरव्या पानात गुंडाळलेला भात आणि मासा खाल्ला. तो या भागाचा खास पदार्थ आहे. तिथेच पुतण्या बोलू लागला.

ओसाकात मराठी मुलांचा एक गट आहे. सण एकत्र करतात, चांगले वागतात. याचे आडनाव गावावरून आलेले, त्यावरून काही कळत नाही. पहिल्याच भेटीत एकाने अंदाजाने त्याला आपल्यातलाच समजले, आणि याने ते खोडले नाही. चार वर्षे खोडले नाही. दर १४ एप्रिलला तो रजा टाकतो, घरी बाबासाहेबांच्या फोटोला हार घालतो आणि मित्रांना तब्येत बरी नाही म्हणून सांगतो. घरी कोणी येणार असले की फोटो कपाटात ठेवतो. "काका, इथे मला कोणी काही बोललेलं नाही. कोणी त्रास दिलेला नाही. मीच आधी लपवलं," असे तो म्हणाला.

आमच्या मनात त्याला चार शब्द सुनवायचे आले. सभेत भाषणे करून जिभेला तशी सवय झालेली असते. पण शब्द बाहेर आले नाहीत, कारण आम्हालाही एक गोष्ट आठवली. वीस वर्षांपूर्वी बदली होऊन आम्ही एका तालुक्याच्या गावी गेलो होतो. खोली मिळेना. शेवटी एका ठिकाणी आडनाव न सांगता नुसते नाव सांगून खोली घेतली. पुढचे आठ महिने बाबासाहेबांचा फोटो आमच्या ट्रंकेत कपड्यांखाली होता. ही गोष्ट आम्ही आजवर कोणत्याही सभेत सांगितलेली नाही. त्या दिवशी योशिनोगुचीच्या फलाटावर सांगितली. आमच्या सौ. म्हणाल्या, "ती ट्रंक मीच भरली होती. फोटोवर माझं लुगडं होतं."

वहिनी बराच वेळ गप्प होत्या. मग मुलाला म्हणाल्या, "तुला नोकरी लागली तेव्हा मी अंगणवाडीत पेढे वाटले. कुणाच्या पुण्याईनं लागली ते नाव घेऊन वाटले. कुणी खाल्ले, कुणी हातात घेऊन ठेवून दिले. पण वाटले." एवढेच बोलल्या. गाडी आली, आम्ही बसलो.

जाता जाता

ज्यांना जपानला जाण्याचा योग येईल त्यांनी नारा-क्योतो करताना एक दिवस गोसेसाठी ठेवावा. सकाळी आबेनोबाशीहून शाकुदोमार्गे गोसे, दोन-तीन तास जुन्या पेठेत, मग वाकिगामी आणि काशिहारा, आणि संध्याकाळी योशिनोगुचीहून परत, असा फेरा एका दिवसात आरामात होतो. वाकायामा लाईनच्या गाड्या तासाला मोजक्याच असतात, तेव्हा वेळापत्रक आधी पाहून ठेवावे. म्युझियमच्या सुट्टीचा वारही विचारून घ्यावा. चालण्याची सवय असावी आणि जूनमध्ये छत्री जवळ असावी.

आणि वस्तीत फिरताना घरांचे, माणसांचे फोटो काढू नयेत. कोण कुठे राहतो यावरून तिथे अजून लग्ने मोडतात. आपल्याला हे वेगळे समजावून सांगण्याची गरज नाही.

पुतण्याचा २०२५ च्या एप्रिलमध्ये फोन आला होता. १४ तारखेला संध्याकाळी त्याने त्या मराठी मित्रांना घरी जेवायला बोलावले, आणि कशासाठी तेही सांगितले. अकरा जणांना बोलावले होते, सहा आले. एकाने येताना फुले आणली होती. वहिनींनी विचारले, "फोटो कुठं लावलास?" तो म्हणाला, "दारासमोर."